प्रकाशदिवस, मजल आणि मैलाचा दगड

मानोरा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्यांनी एक ओळ लिहिली: "व्हॉयेजर-१ हे यान सूर्यमाला सोडून एक प्रकाश दिवस दूर जाण्याचा मैलाचा दगड पार करणार." फळ्यावर ओळ येते न येते तोच एका पोरानं हरकत घेतली, "मॅडम, दिवस म्हंजे तं येळ होय, मंग थो अंतर कसा झाला?" शिवाय अवकाशात मैलही नाहीत आणि दगडही नाहीत, मग 'मैलाचा दगड' चालेल का, अशी त्यांची स्वतःचीही शंका आहे.

ताई, पोराची हरकत आधी घेतो, कारण ती जास्त मोलाची आहे. वर्तमानपत्रंसुद्धा 'कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी' असं बिनदिक्कत छापतात. ते चूकच. प्रकाशवर्ष हे अंतर, प्रकाशदिवस हेही अंतर. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे चोवीस तासांत सुमारे २,५९० कोटी किलोमीटर. एवढ्या लांबीला एक प्रकाशदिवस म्हणायचं. व्हॉयेजर-१ पृथ्वीपासून इतकं दूर नोव्हेंबर २०२६ मध्ये पोहोचेल असा हिशेब आहे. यान निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. प्रकाशाला जी वाट एका दिवसाची, ती त्याला ४९ वर्षांची पडली, आणि तीही सेकंदाला १७ किलोमीटरच्या वेगानं धावून.

वेळेनं अंतर सांगायची खोड मराठीला जुनीच आहे. 'कारंजा किती दूर?' विचारलं तर बसस्टॉपवरचा माणूस 'तासाभराचा रस्ता' असंच सांगतो, किलोमीटर सांगत बसत नाही. आणि यासाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: मजल. मुळात अरबी 'मंझिल', उतरायची जागा. फौजा आणि यात्रेकरू दिवसभर चालून संध्याकाळी जिथं उतरत तो मुक्काम, आणि पुढं एका दिवसात जेवढी वाट सरते तेवढं अंतरही मजलच. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरकडे निघाली की बातम्यांत 'मजल दरमजल' हटकून येतं, ते याच अर्थानं: रोज एक मजल, रोज नवा मुक्काम. तेव्हा त्या पोराला सांगा, प्रकाशदिवस म्हणजे प्रकाशाची एका दिवसाची मजल. पालखीची मजल काही कोसांची, प्रकाशाची २,५९० कोटी किलोमीटरची. फरक चालणाऱ्याचा आहे, मोजायची रीत तीच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. 'यानानं मोठी मजल मारली' हे कौतुक झालं. 'यानाची मजल इथवर गेली' असं लिहिलंत तर यानानं काही आगाऊपणा केल्यासारखं वाटेल.

कोसाची गोष्ट मजलीहून वेगळी आणि मला जास्त आवडणारी. आपल्या भागात म्हातारी माणसं अजून 'कोसभर हाय' म्हणतात. कोस आला संस्कृत 'क्रोश'वरून, आणि क्रोश म्हणजे हाक, ओरडणं. 'आक्रोश'मध्ये तो आजही जसाच्या तसा बसला आहे. हाक जिथवर पोहोचते तिथवर एक कोस, अशी ही कल्पना. पुढं तो साधारण दोन मैलांचा ठरला. व्हॉयेजरच्या बाबतीत अंतराचा हाच अर्थ रोजच्या कामाचा आहे. तिथं खरा प्रश्न असतो, आपली हाक पोहोचायला किती वेळ आणि ओ यायला किती वेळ. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ अर्थ न लागणारी माहिती पाठवू लागलं. यानावरच्या एका संगणकातली स्मृतीची एक चिप बिघडली होती. तिच्यातली आज्ञावली तुकडे करून दुसरीकडे हलवायचं ठरलं. १८ एप्रिल २०२४ ला आज्ञा गेली, ती पोहोचायला साडेबावीस तास लागले, उत्तर यायला तेवढेच, आणि २० एप्रिलला कळलं की इलाज लागू पडला. यानावरचा प्रक्षेपक, म्हणजे संदेश धाडणारं यंत्र, जेमतेम २३ वॉटचा, घरातल्या दिव्याच्या ताकदीचा, म्हणून इकडे कान द्यायला ७० मीटर व्यासाच्या अँटेना लागतात. प्रकाशदिवसाचा टप्पा ओलांडल्यावर हाक आणि ओ मिळून पुरते दोन दिवस जातील. या टप्प्याला महत्त्व आहे ते एवढ्यासाठीच. तिथं आकाशात काही बदलत नाही.

आता मैलाचा दगड. मैल गेले, किलोमीटर आले, म्हणून शब्द टाकायचं काहीच कारण नाही. रस्त्यावर किलोमीटरचा आकडा असलेल्या दगडालाही लोक मैलाचाच दगड म्हणतात. माझी हरकत दुसरीकडे आहे. मराठीत घटना मैलाचा दगड 'ठरते', आणि ती ठरते मागं वळून पाहताना. १७ फेब्रुवारी १९९८ ला व्हॉयेजर-१ नं पायोनियर-१० या आधीच्या यानाला मागं टाकलं आणि ते माणसानं बनवलेली सर्वांत दूरची वस्तू झालं. त्याला खुशाल मैलाचा दगड म्हणा. पण अजून न घडलेल्या, नुसत्या आकड्याच्या गोष्टीला 'टप्पा गाठणार' किंवा 'पल्ला गाठणार' एवढं पुरे. ऑगस्ट २००६ मध्ये व्हॉयेजर-१ नं सूर्यापासून १०० खगोलीय एककांचा टप्पा गाठला, एप्रिल २०२१ मध्ये न्यू होरायझन्स या दुसऱ्या यानानं ५० चा. खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. प्रकाशदिवसात अशी १७३ एककं बसतात.

आणि दगड म्हटला की तो कुठून मोजलेला, हे आलंच. नागपूरला झिरो माइलचा खांब आहे. तो जागचा हलत नाही म्हणून त्याच्यापासून मोजण्यात अर्थ. व्हॉयेजरचं अंतर पृथ्वीपासून मोजाल तर तुमचा झिरो माइलच सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनं फिरतो आहे, यानापेक्षा जोरात. त्यामुळे दरवर्षी काही महिने पृथ्वीच यानाच्या दिशेनं धावते, आणि यान पुढं जात असूनही दोघांतलं अंतर चक्क कमी होतं. म्हणून भित्तिपत्रकात 'पृथ्वीपासून' हा शब्द गाळू नका. सूर्यापासून एक प्रकाशदिवस भरायला त्यानंतर आणखी काही आठवडे जातील.

राहिलं 'सूर्यमाला सोडून'. सगळ्यांत मोठी चूक इथं आहे, आणि ती तुमच्या एकट्याची नाही. सूर्यापासून सतत वाहणारा विद्युत्भारित कणांचा झोत म्हणजे सौरवारा. त्याचा अंमल जिथं संपतो त्या हद्दीला हेलिओपॉज म्हणतात. व्हॉयेजर-१ नं ती ओलांडली २५ ऑगस्ट २०१२ ला, सुमारे १२२ खगोलीय एककांवर. त्याच्या जोडीच्या व्हॉयेजर-२ यानानं ५ नोव्हेंबर २०१८ ला, सुमारे ११९ वर. माझ्या मते इथं 'शीव ओलांडली' हा शब्दप्रयोग चपखल बसतो, कारण इथं खरंच काहीतरी बदलतं: सूर्याकडचे कण एकदम घटतात, आपल्या दीर्घिकेतून, म्हणजे आकाशगंगेतून, येणारे वैश्विक किरण वाढतात. पण गावाची शीव ओलांडली म्हणजे तालुका सुटला असं नव्हे. सूर्याच्या गुरुत्वाची सत्ता या शिवेच्या कितीतरी पलीकडे चालते. धूमकेतूंचं माहेर मानला जाणारा ऊर्टचा मेघ तिथं आहे, त्याच्या अलीकडच्या कडेशी पोहोचायला व्हॉयेजरला अजून सुमारे ३०० वर्षं आणि तो पार करायला बहुधा ३०,००० वर्षं लागतील.

शीव ओलांडल्याचं कळलं कसं, हेही सांगण्यासारखं आहे. कणांच्या नोंदी २०१२ मध्येच पालटल्या होत्या, पण चुंबकीय क्षेत्राची दिशा काही बदलेना, त्यामुळे शास्त्रज्ञांत वर्षभर वाद चालला. बाहेरचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युत्भारित कणांचा विरळ वायू, किती दाट आहे हे थेट मोजणारं उपकरण व्हॉयेजर-१ वर होतं, पण ते १९८० पासून बंद. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर झालेल्या एका उद्रेकाचा धक्का वर्षभरानं, एप्रिल २०१३ मध्ये तिथवर पोहोचला आणि भोवतालचा प्लाझ्मा थरथरला. त्या थरथरीच्या वारंवारतेवरून घनता काढली, ती आतल्यापेक्षा सुमारे चाळीसपट निघाली, म्हणजे यान बाहेर पडलेलं होतं. मग मागं हिशेब करून तारीख ठरली आणि सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर झाली. व्हॉयेजर-२ वरचं तेच उपकरण शाबूत होतं, म्हणून २०१८ मध्ये एवढा घोळ झाला नाही.

जाता जाता पोरांना हेही सांगा, की दोन्ही यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचं गाणं आहे आणि ५५ भाषांतल्या शुभेच्छांत एक मराठीतलीही आहे.

तर ओळ अशी करा: "सुमारे पाच दशकांपूर्वी निघालेलं व्हॉयेजर-१ यान पृथ्वीपासून एक प्रकाशदिवस अंतराचा टप्पा गाठणार." 'प्रकाशदिवस' एका शब्दात, मधे जागा न सोडता, प्रकाशवर्ष लिहितो तसाच.