पळायला जाणं घरी लपवावं लागतं तेव्हा

"ऑफिस आणि घर सांभाळून स्वतःसाठी तासभर काढला की अपराधी वाटतं. माझं काही चुकतंय का?" मी समुपदेशक आहे, आणि चाळिशीच्या आसपासची माणसं हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सतत येतात. कुणाचा तो तास रियाजाचा असतो, कुणाचा बागेचा. ज्यांच्याबद्दल इथे लिहिते आहे, त्यांचा तो पळण्याचा आणि वाचनाचा होता. दोघा नवराबायकोंना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

नवऱ्याची नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जबाबदारीची नोकरी, घर वर्धमाननगरच्या बाजूला. घरात आई, बँकेत काम करणारी पत्नी, आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. पहिल्या भेटीत खुर्चीच्या टोकावर बसूनच ते म्हणाले, "मॅडम, मी बाहेर वाईट काही करून नाही राहिलो. पण घरी रोज खोटं बोलून राहिलो."

कारखान्यातून सुटल्यावर ते अंबाझरीजवळ गाडी लावायचे, डिकीतले बूट काढायचे आणि पाऊण तास पळायचे. घरी फोन करून सांगायचे, "मीटिंग लांबली." बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पोचल्यावरही लगेच वर जायचे नाहीत. गाडीतला दिवा लावून पुस्तकाची दहा-पंधरा पानं वाचायची, मग लिफ्ट. घामेजलेला टी-शर्ट कॅरीबॅगमध्ये गुंडाळून सीटखाली कोंबलेला असायचा. एका रविवारी गाडी पुसताना ती पिशवी पत्नीच्या हाती लागली.

पत्नीला मी आधी एकटीला भेटले. त्या म्हणाल्या, "पळायचंच होतं तर लपवलं काहून? मला वाटलं, यांचं बाहेर काहीतरी सुरू आहे. कित्येक रात्री मी छताकडे पाहत पडून राहिली."

अपराधीपणाचा विषय निघाला की आपण तासांचा हिशेब मांडायला बसतो. घराला किती दिले, स्वतःवर किती खर्चले. या घरात पाऊण तासानं काहीच बिघडलं नव्हतं, बिघडलं ते लपवण्यानं. निर्मळ गोष्टही चोरून केली की घरच्यांना ती निर्मळ दिसत नाही, आणि काही दिवसांनी करणाऱ्यालाही दिसत नाही. पळताना त्यांचं अर्धं लक्ष घड्याळात असायचं. वाचताना तेच पान पुन्हा वाचावं लागायचं. घरी आल्यावर मुलगा गणिताची वही घेऊन बसला की हे मनात उद्याची सबब जुळवत असायचे. कामातही नाहीत, छंदातही नाहीत, घरातही नाहीत, अशी अवस्था झाली होती.

लपवावंसं का वाटलं, हे शोधायला वेळ लागला. वडील कोराडीच्या वीज केंद्रात शिफ्ट ड्यूटी करायचे. "बाबांनी स्वतःसाठी कधी काही केलं नाही," हे वाक्य ते अभिमानानं बोलायचे. मी विचारलं, घरी असताना बाबा कसे असायचे? बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "चिडचिडे. आम्ही त्यांच्या खोलीत जायला भ्यायचो." चांगला बाप स्वतःसाठी काही मागत नाही, हा धडा त्यांनी लहानपणीच गिरवला होता. त्याची किंमत मात्र त्यांनी कधी मोजली नव्हती.

मग दोघांना समोरासमोर बसवलं. त्यांनी सुरुवात केली, "तब्येतीसाठी पळतो." इथे मी त्यांना थोडं अडवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटांचा जोरकस व्यायाम पुरतो. ते तेवढं आधीच करत होते. त्यांच्या मनात होती ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, आणि तिच्या तयारीला सुट्टीच्या सकाळचे दोन-तीन तास लागतात. ही तब्येतीची गरज म्हणता येणार नाही, ही हौस आहे. हौस असण्यात वाईट काहीच नाही, पण ती तशी सांगून मागावी लागते. "मला ती एकदा पूर्ण करायची आहे," असं ते शेवटी बोलले, तेव्हा पत्नी पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बसल्या.

पत्नीला स्वतःसाठी काय हवं, हे मी विचारलं. आधी "मला काही नको," हेच उत्तर. आपल्याकडच्या बायकांचं हे उत्तर मी कधीच शेवटचं मानत नाही. पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, "रविवारी आठपर्यंत झोपायचं आहे. कोणी चहा मागायला उठवू नये."

रविवार पत्नीचा ठरला. नाश्ता आणि मुलं सांभाळायची जबाबदारी नवऱ्याची. लांबचं पळणं शनिवारी, कारण त्यांना त्या दिवशी सुट्टी असते. पत्नीची बँक दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. उरलेल्या शनिवारी हे आठाच्या आत परत येणार. मधल्या दिवसांत दोन वेळा पहाटे, घरूनच. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा पाचलाच बाहेर पडायचं आणि त्यासाठी रात्री साडेनऊला फोन बाजूला ठेवून झोपायचं. झोप कापून पळणं मला मान्य नाही, प्रौढांनाही निदान सात तास हवेतच.

वाचनाचा तोडगा मुलीनं काढला. वैष्णोदेवी चौकातून लोकमान्यनगरपर्यंत थेट मेट्रो आहे, पुढे कारखान्याची बस मिळते. आता पुस्तक मेट्रोत उघडतं, जाताना आणि येताना.

तुमचीही कुचंबणा अशीच असेल, तर या आठवड्यात घरी एवढं सांगा: मला काय करायचं आहे, कधी, आणि त्या वेळात घरचं कोण बघेल. दुखऱ्या गुडघ्यावरही पळायला जात असाल, किंवा एक दिवस चुकला तर घरच्यांवर ओरडत असाल, तर प्रश्न वेळापत्रकाच्या पलीकडचा आहे. त्यासाठी समुपदेशकाकडे अवश्य या, आणि शक्य असेल तर दोघं मिळून या.