वडिलांना गाउट (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार) आहे. युरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पायाचा अंगठा पुन्हा सुजला. गोळी बंद करायची का?

बंद करू नका. तुमच्या वडिलांचं युरिक ॲसिड 8.9 होतं, गोळी सुरू होऊन तीन आठवडे झालेत आणि अंगठा पुन्हा लाल होऊन ठणकतोय. याचा अर्थ गोळी लागू पडत नाही असा नाही. रक्तातलं युरिक ॲसिड उतरायला लागलं की सांध्यात वर्षानुवर्षं साचलेले त्याचे स्फटिक सुटतात आणि सूज पेटते. म्हणून ॲलोप्युरिनॉल 100 मिलिग्रॅमपासून (किडनी अधू असेल तर 50) सुरू करून दर महिन्याला रक्त तपासत, युरिक ॲसिड 6 च्या खाली येईपर्यंत वाढवतात. सोबत ही सूज पेटू नये म्हणून पहिले तीन ते सहा महिने कोल्चिसिन 0.5 मिलिग्रॅमची रोज एक गोळी. चिठ्ठीत ही दुसरी गोळी आहे का बघा. बहुतेक ठिकाणी तीच राहून गेलेली असते.

गाउटच्या अटॅकसाठीही (सांधा अचानक सुजून ठणकतो तेव्हा) कोल्चिसिनच, पण पहिल्या 12 तासांत: 0.5 च्या दोन गोळ्या, तासाभराने एक, त्या दिवसापुरतं तेवढंच. जुलाब लागेपर्यंत घेत राहायची जुनी पद्धत विसरा. जास्त डोस जिवावर बेततो. किडनी अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. रोजची एक आधीच चालू असली तरीही आधी विचारा.

पुण्यात कुठल्याही मेडिकलवर ‘सांधेदुखीची द्या’ म्हटलं की डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक हातात पडतं. बीपी, किडनी, अल्सर किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर ते नकोच. अशा वेळी डॉक्टर पाचेक दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, त्याने शुगर मात्र चढते.

ॲलोप्युरिनॉल स्वतःहून थांबवायची वेळ एकच: अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा पुरळासोबत ताप. तेव्हा लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुठल्याही दुखण्यावर ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर ही गोळी मुळात द्यायचीच नसते. एकच सांधा गरम, सोबत थंडीताप, तर तो अटॅक न समजता हॉस्पिटल. सांध्यात पू असू शकतो.

बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ आहे का तेही बघा. तो हायड्रोक्लोरोथायझाइडचा, त्याने युरिक ॲसिड वाढतं. लोसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीने ते थोडं उतरतं, पण बदल डॉक्टरांकडूनच करून घ्या.

तूरडाळ, पालक, टोमॅटो बंद करायची गरज नाही. रविवारची कलेजी आणि बिअर मात्र बंद. अटॅक चालू असताना केलेला युरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, तो दोन आठवड्यांनी पुन्हा करा.