गळ्याला हँडल लागलं, आवाज बसला, एक्स-रे मात्र नॉर्मल

तुम्ही लिहिलंय की आज दुपारी वडोदऱ्यात फतेहगंजला आडवा आलेला मांजा चुकवताना भाच्याची स्कूटर घसरली आणि हँडल गळ्यावर आदळलं. जखम नाही, एक्स-रे नॉर्मल, पण आवाज घोगरा झालाय आणि गिळताना दुखतंय. रात्रभर घरी थांबू का, असं विचारताय. कृपा करून थांबू नका. आत्ताच सयाजी हॉस्पिटल गाठा, किंवा जिथे सीटी स्कॅन आणि कान-नाक-घशाचे सर्जन रात्रीही मिळतील असं दुसरं कुठलं.

एक्स-रेवर विसंबू नका. स्वरयंत्र कूर्चेचं, म्हणजे मऊ हाडाचं असतं आणि तरुण वयात ती लवचिक असते. माराने मागे मणक्यावर दाबली जाते, पुन्हा उसळून जागेवर येते. बाहेरून गळा जसाच्या तसा, आत मात्र अस्तर फाटलेलं किंवा रक्त साकळलेलं असू शकतं. सूज पुढचे कित्येक तास वाढत राहते. आत्ता बोलतोय तो पहाटे घुसमटू शकतो.

निघताना गळ्यावरून हलकेच बोटं फिरवून बघा. कातडीखाली पापड चुरल्यासारखी चरचर लागली तर हवा बाहेर झिरपतेय. कंठमणी सपाट वाटणं, थुंकीत रक्त, श्वास घेताना शीळ, यांतलं काहीही दिसलं तर १०८ बोलवा. त्याला बसावंसं वाटत असेल तर बळेच आडवं करू नका. खायला-प्यायला काही देऊ नका.

तिथे आधी नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घालून आत बघतात. श्वास स्थिर असेल तर मग बारीक कापांचा सीटी. मानेचे मणके आणि अन्ननलिकाही तपासायला हवी, ती अनेकदा विसरली जाते.

नुसती सूज किंवा छोटं रक्त साकळलेलं असेल तर २४ ते ४८ तास देखरेख, डोकं ३०-४५ अंश वर, दमट हवा, लवकर सुरू केलेलं स्टेरॉइड, पित्ताची गोळी आणि मौन. कुजबुजायचंही नाही.

कूर्चा उघडी पडली किंवा सरकली असेल तर ऑपरेशन, शक्यतो २४ तासांत. श्वास अडत असेल तर जागा बधिर करून, शुद्धीवरच ट्रेकिओस्टोमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन थेट श्वासनलिकेत नळी बसवणं सुरक्षित. तोंडातून अंदाजाने घातलेली नळी फाटलेल्या जागेतून भलतीकडेच शिरू शकते, अर्धवट तुटलेली श्वासनलिका पुरती सुटू शकते. त्यामुळे डॉक्टर गळ्याला छेद द्यायचा म्हणाले तर घाबरून अडवू नका. मग अस्तर बारीक टाक्यांनी शिवतात, कूर्चा छोट्या प्लेटांनी बसवतात. दोन्ही स्वरतंतू पुढे जिथे जुळतात तिथला भाग फाटला असेल तर सुमारे दोन आठवडे आत स्टेंट, म्हणजे आधाराची नळी ठेवावी लागते, नाहीतर ते चिकटतात. उशीर झाला की व्रण आकसून श्वासमार्ग अरुंद होतो, आणि ते नंतर दुरुस्त करणं फार कठीण.

सुट्टी घेण्याआधी दुर्बीण पुन्हा करून घ्या आणि दोन्ही स्वरतंतू हलतात का ते विचारा. एक हलत नसेल तर स्वरतंतू हलवणारा छोटा सांधा निखळलाय की नस दुखावलीय, हे लगेच ठरवून घ्या. निखळलेला सांधा सुरुवातीलाच बसवलेला बरा. नसेसाठी मात्र बरेचदा काही महिने वाट पाहावी लागते.