फ्रिजमधल्या पंख्याची मोटर इन्व्हर्टरच्या कपाटाला चालेल का?

तुमचा प्रश्न असा: जुन्या डबल डोअर फ्रिजच्या फ्रीझरमागची पंख्याची मोटर काढली आहे, ती प्लगला जोडून इन्व्हर्टरच्या कपाटातली गरम हवा बाहेर काढता येईल का? येईल. पण आधी लेबल वाचा आणि वायरी मोजा.

दोन वायरी आणि लेबलवर 220-240 व्होल्ट असेल तर ती शेडेड पोल मोटर. लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा, त्यावर एकच कॉइल आणि पोलच्या, म्हणजे चुंबक बनणाऱ्या टोकाच्या, कोपऱ्यात तांब्याची जाड कडी. मोटर फिरते ती या कडीमुळे. कडीच्या भागातलं चुंबकत्व किंचित उशिरा बदलतं, म्हणून रोटर (मधला फिरणारा भाग) मोकळ्या भागाकडून कडीकडे ओढला जातो. त्यामुळे वायरी अदलाबदल करून दिशा उलटत नाही. पात्यासकट अख्खी मोटर फिरवून बसवा. कपॅसिटर लागत नाही.

मल्टिमीटरवर दोन वायरींमध्ये साधारण काही शे ओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तर कॉइल तुटली आहे. वायर आणि लोखंडी बॉडी यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये. पहिल्यांदा 60 वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून चालवा, एलईडी नको. बल्ब पूर्ण पेटला तर मोटर शॉर्ट आहे. शिवाय इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे मेन्ससारखी गुळगुळीत लहर न देणारा, असेल तर बॅटरीवर ही मोटर गुणगुणते आणि जास्त तापते.

तीन-चार वायरी असतील तर ती बहुधा 12 व्होल्ट डीसीची ब्रशलेस मोटर. तिच्या पोटात सर्किट असतं. 230 व्होल्ट दिले की संपली. रंगांवर जाऊ नका, ते कंपनीगणिक बदलतात. फ्रिजच्या बोर्डावर कनेक्टरजवळ छापलेलं पाहून प्लस-मायनस ठरवा, कारण उलटं जोडल्यानेही सर्किट जाऊ शकतं. तिसरी वायर सहसा फेऱ्यांची माहिती बोर्डाला देते, तिला 12 व्होल्ट देऊ नका. चौथी वेगाच्या आज्ञेची. काही मोटरी त्या सिग्नलशिवाय हलतच नाहीत. 12 व्होल्ट 1 अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. थेट इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून घेऊ नका, चार्जिंगच्या वेळी ती 14 व्होल्टच्या वर जाते. घ्यायचंच तर मध्ये बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवून देणारं छोटं सर्किट, टाका.

आता सोलापूरपुरतं महत्त्वाचं. ही मोटर शून्याखालच्या हवेत राहण्यासाठी बनवलेली असते, तिची उष्णता ती हवाच ओढून नेते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 42-43 अंश, कपाटात त्याहून जास्त. म्हणून ती हवेच्या वाटेतच राहू द्या, बंद डबीत कोंडू नका आणि पातं मूळचंच ठेवा. मोठं पातं लावलं की वेग पडतो आणि कॉइल तापते. मी तरी कपाटात खाली, थंड हवा आत ढकलेल अशी बसवेन आणि वर झरोका ठेवेन.

शाफ्ट जड फिरत असेल तर बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कडीत) शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. खोबरेल नको, ते चिकट होऊन बुश धरतं. घर यंत्रमागाजवळ असेल तर सुताचे तंतू जाळीवर आणि शाफ्टभोवती गुंडाळतात. दर आठवड्याला ब्रशने काढा. 230 व्होल्टवाल्या मोटरच्या बॉडीला अर्थिंग द्या, लाइनमध्ये अर्ध्या अँपिअरचा फ्यूज टाका आणि वायरींच्या सांध्यांवर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवा.