वजन ११८ किलो, डायलिसिस चालू : ट्रान्सप्लांटसाठी थांबायचं की नाही?

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर ४४ वर्षांचे आहेत, उंची १६९ सेंमी, वजन ११८ किलो. दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. किडनी मी देणार आहे, ब्लड ग्रुप जुळतोय. पण सर्जन म्हणतात आधी वजन उतरवा मग बघू. आणि खर्चाचा अंदाज पण यांच्यासोबत डायलिसिसला येणाऱ्या एका बारीक गृहस्थांपेक्षा बराच जास्त सांगितलाय. जाड माणसाला किडनी मिळूच नये असा नियम आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, असा नियम नाहीये. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या संस्थेच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्समध्ये तर उलट म्हटलंय की नुसत्या लठ्ठपणावरून पेशंटला बाद करू नका, वजन उतरवायला मदत करा. तरी पण बरीच सेंटर्स बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३५ च्या वर गेला की सावध होतात आणि ४० च्या वर थांबायला सांगतात, तुमच्या मिस्टरांचा ४१ येतोय. आता हे ११८ डायलिसिसच्या आधीचं की नंतरचं ते तुम्ही लिहिलं नाहीये. आधीचं असेल तर त्यात दोन-तीन किलो नुसतं साठलेलं पाणी असू शकतं, त्यामुळे ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, विचारा आणि बीएमआय त्यावरच काढा.

सर्जन का कचरतात ते सांगतो. नवी किडनी जुन्यांच्या जागी बसवत नाहीत, ती पोटाच्या खालच्या बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे बसवून तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. पोट मोठं असलं की त्या वाहिन्या चरबीखाली खूप खोल जातात, टाके घालायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ किडनी रक्ताशिवाय राहते. मग कधी कधी ती लगेच काम सुरू करत नाही, पहिल्या आठवड्यात परत डायलिसिस लावावं लागतं. त्यात जखम! चरबीत पाणी साठू शकतं, इन्फेक्शन होतं, टाके उसवतात, पुढे हर्निया होतो, आणि शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून स्टिरॉइड चालू असल्याने जखम भरतही नाही लवकर. एरवी आठवड्या-दहा दिवसांत घरी जाणारा पेशंट अडकून पडतो, घरी गेला तरी ड्रेसिंगसाठी नाहीतर ॲडमिट व्हायला परत येतो. तुमचा अंदाज फुगलाय तो यामुळे. टॅक्रोलिमस (किडनी नाकारली जाऊ नये म्हणून द्यायचं आणखी एक औषध) आणि स्टिरॉइडमुळे नव्याने डायबेटिस व्हायची भीती पण जाड पेशंटला जास्त, म्हणजे तो खर्च तर कायमचा. पॅकेजमध्ये किती दिवस धरलेत आणि नवी किडनी सुरू होईपर्यंतच्या डायलिसिसचे पैसे वेगळे लावणार का, हे लिहून घ्या.

एवढं सगळं असूनही मी ट्रान्सप्लांटच्या बाजूने आहे. डायलिसिसवर राहण्यापेक्षा ट्रान्सप्लांट झालेले लठ्ठ पेशंटसुद्धा जास्त जगतात, बीएमआय ४० च्या वर तो फायदा कमी होतो पण जात नाही. आणि डायलिसिसची वर्षं वाढली की हृदयाचं नुकसान वाढत जातं, म्हणून "वजन उतरवा मग बघू" हे मला अर्धवट वाटतं. किती किलो, किती महिन्यांत, आणि नाहीच उतरलं तर काय, हे सर्जनकडून काढून घ्या. रोबोटने, छोट्या कापातून ऑपरेशन होतं का तेही विचारा, भारतात काही ठिकाणी होतं, लठ्ठ पेशंटला जखमेचा त्रास त्यात कमी होतो, खर्च मात्र चढा.

वजन उतरवताना उपास नको, कीटो नको, काढे आणि पावडरी तर अजिबात नको. डाएटच्या नावाखाली नारळपाणी पिणारे पेशंट मी पाहिलेत, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं त्याने! डायलिसिसमध्ये प्रोटीन जातं, त्यामुळे अंड्याचा पांढरा भाग, पनीर वगैरे बंद करू नका, कमी करायचं ते तेल, साखर, भात, आणि मीठ म्हणजे पापड-लोणचंही, कारण मीठ पोटात गेलं की तहान लागते आणि पाणी वाढतं. रीनल डायटिशियनला, म्हणजे किडनीच्या पेशंटचा आहार ठरवणाऱ्यांना, भेटा. एवढ्याने बीएमआय ३५ पर्यंत येणं अवघड आहे हे खरंय, त्यामुळे वजन उतरवायची इंजेक्शनं किंवा स्लीव्ह ऑपरेशन (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करणं) याबद्दल नेफ्रोलॉजिस्टशी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांशी, बोला. वजनासाठीच्या बायपासपेक्षा (हृदयाचा नव्हे, जठर आणि आतड्याचा) स्लीव्ह बरं, बायपासनंतर औषधं नीट शोषली जात नाहीत आणि ऑक्झलेट (मुतखडे करणारा क्षार) वाढून नव्या किडनीलाच धोका होतो.

आणि ताई, तुमचं स्वतःचं वजन, शुगर, बीपी काहीच लिहिलं नाहीये तुम्ही. देणाऱ्याचं वजन पण बघतात, कारण तुम्हाला पुढची सगळी वर्षं एका किडनीवर काढायचीत. तुमच्या तपासण्या आत्ताच सुरू करा, त्यांच्या वजनासाठी थांबू नका.