चिकित्सा, शुश्रूषा आणि भुसावळची पाटी

भुसावळच्या एका ताईंनी विचारलंय: त्यांच्या गल्लीत नवी पाटी लागली आहे, 'शास्त्रोक्त निसर्गोपचार : रेकी, चक्रशुद्धी, स्फटिकोपचार'. इथे 'शास्त्रोक्त' बरोबर की 'शास्त्रशुद्ध'?

ताई, शब्द दोन्ही चांगले, आणि दोन्ही इथे खोटे. शास्त्रोक्त म्हणजे शास्त्रात सांगितलेलं. मुंज शास्त्रोक्त होते, रक्ततपासणी नाही. पण सायन्सलाही आपण शास्त्रच म्हणतो, आणि या एका शब्दाच्या आडोशाने निम्मी दुकानं चालतात. रेकी, म्हणजे हातांनी 'ऊर्जा' देण्याचा उपचार, मिकाओ उसुईंनी १९२२च्या सुमारास जपानात सुरू केली. ती कुठल्या शास्त्रात उक्त आहे ते पाटीवाल्याने दाखवावं. निसर्गोपचार म्हणजे माती, पाणी, ऊन, उपवास. १९४६ साली गांधीजींनी उरुळीकांचनला केला तो. त्यांनी त्यात रामनामही घातलं, पण रामनाम म्हणूनच, 'क्वांटम ऊर्जा' म्हणून नव्हे.

खरी गंमत 'चिकित्सा' या शब्दात आहे. हिंदीवाले 'प्राकृतिक चिकित्सा' म्हणतात, आपण चिकित्सा टाकून उपचार घेतला. तोच उपचार, जो पूजेत सोळा असतात आणि सभेत नुसता औपचारिक. चिकित्सेचा धातू 'कित्'. पाणिनीचं सूत्र आहे, 'गुप्तिज्किद्भ्यः सन्', म्हणजे गुप्, तिज् आणि कित् या धातूंना 'सन्' प्रत्यय लागतो. त्यातून जुगुप्सा, तितिक्षा आणि चिकित्सा. या कित्‌चे अर्थ वैयाकरण देतात त्यात रोग हटवणं आहे आणि संशयही आहे! कठोपनिषदात नचिकेत मेलेल्या माणसाबद्दलची 'विचिकित्सा' म्हणतो, ती शंकाच. म्हणजे औषध आणि शंका एकाच मुळाची.

'चिकित्सक म्हणजे टीकाकार हा अर्थ इंग्रजीच्या सावलीत आला' असं काही विद्वान ठासून सांगतात. त्यांनी एकदा जळगावच्या भाजीबाजारात यावं. भरताचं वांगं घेताना आमच्या मावशी ते तळहातावर तोलतात, जड लागलं की 'बियांचं आहे' म्हणून परत टाकतात, देठ बघतात, नखाने साल दाबतात. विक्रेता वैतागून म्हणतो, 'लई चिकित्सेखोर बाई!' त्याला इंग्रजी कुणी शिकवलं?

अशीच चिकित्सा अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने केली. हात न लावता 'ऊर्जा' जाणवते म्हणणारे २१ उपचारक पडद्यामागे हात घालून बसले. आपल्या कुठल्या हातावर तिचा हात आहे एवढंच ओळखायचं. २८० पैकी १२३ वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तर जास्त जमलं असतं. १९९८ साली हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं.

मग तिथे जाणाऱ्यांना बरं का वाटतं? त्यालाही शब्द आहे, 'शुश्रूषा'. श्रु म्हणजे ऐकणं. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा, आणि त्यावरून सेवा. दवाखान्यात दोन मिनिटांत चिठ्ठी हातात मिळते, इथे कुणीतरी पाऊण तास गाऱ्हाणं ऐकून घेतं. माझ्या आतेला गुडघ्यासाठी असंच बरं वाटलं होतं. गुडघा आहे तसाच आहे.

हां, तुमचा प्रश्न. पाटीवर 'शास्त्रोक्त' लिहिलं असेल तर शुद्धलेखन बरोबर आहे. आमच्याकडे एकाने 'शास्त्रोत्क' रंगवलंय.