पडद्यावरचा आकडा हलतोय का?

या वेळी आलेल्या पत्रांत व्हीआरआर, म्हणजे व्हेरिएबल रिफ्रेश रेटच्या मॉनिटरांबद्दल बरीच विचारणा आहे. गेम ज्या गतीने फ्रेम तयार करतो त्याच गतीने पडदा रिफ्रेश होणं, ही ती सोय. एएमडी तिला फ्रीसिंक म्हणतं, एनव्हिडिया जी-सिंक. उत्तरं वाचण्याआधी सगळ्यांनीच एक करा : मॉनिटरच्या बटणांनी त्याचा मेन्यू उघडा आणि रिफ्रेश रेटचा आकडा कोपऱ्यात चालू ठेवा. गेम चालू असताना तो मॉनिटरच्या कमाल गतीवर, समजा 144 वर, खिळून राहिला तर व्हीआरआर बंद आहे. 97, 103, 88 असा हलत राहिला तर चालू आहे. सेटिंगमध्ये काय लिहिलंय यापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न : लिनक्स मिंट, एएमडीचं कार्ड, 144 हर्ट्‌झचा फ्रीसिंक मॉनिटर, एचडीएमआय केबल. गेममध्ये चित्र आडवं फाटतं. ब्राउझरमधल्या चाचणीतही फरक दिसत नाही. – वाचक, खानापूर

उत्तर : आधी डिस्प्लेपोर्टची केबल लावा. एचडीएमआयवर फ्रीसिंक चालतं, पण मॉनिटरने तिथे ते वेगळं दिलेलं असेल तरच, आणि अनेकदा तिथली कमाल गतीही कमी असते. (टीव्ही जोडणाऱ्यांसाठी : एचडीएमआय 2.1 मधला व्हीआरआर हा वेगळा प्रकार. एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये 2.1 आणायला एचडीएमआय फोरमने नकार दिल्याचं 2024 च्या फेब्रुवारीत समोर आलं. टीव्हीवर व्हीआरआर मिळत नसेल तर दोष केबलचाच असेल असं नाही.)

मग मॉनिटरच्या मेन्यूत फ्रीसिंक किंवा अॅडॅप्टिव्ह सिंक चालू करा; पुष्कळ मॉनिटरांत ते कारखान्यातूनच बंद येतं. आता टर्मिनलमध्ये एक्सरँडर ही कमांड 'प्रॉप' पर्यायासह चालवा आणि 'व्हीआरआर कॅपेबल' ही ओळ शोधा. पुढे 0 असेल तर गडबड केबलमध्ये किंवा मॉनिटरच्या मेन्यूत आहे. सॉफ्टवेअरमध्ये हात घालू नका. 1 असेल तर पुढे चला.

मिंटचं सिनॅमन (डेस्कटॉप) सहसा एक्सऑर्गवर, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या जुन्या प्रणालीवर, चालतं आणि तिथे व्हीआरआर आपणहून चालू होत नाही. एक्सऑर्गच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये छोटी फाइल करून तिच्या 'डिव्हाइस' विभागात 'आयडेंटिफायर' म्हणून कोणतंही एक नाव, ड्रायव्हर 'एएमडीजीपीयू' आणि 'व्हेरिएबलरिफ्रेश' हा पर्याय 'ट्रू' असं लिहा, मशीन रीस्टार्ट करा. फाइलीत अक्षर चुकलं तर डेस्कटॉप उघडणारच नाही. घाबरू नका, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबून लॉगिन करा आणि ती फाइल काढून टाका. शेवटी मिंटच्या सेटिंगमधल्या 'जनरल' मध्ये पूर्ण पडद्याच्या विंडोसाठी कंपोझिटिंग (सगळ्या विंडो एकत्र जुळवून मग पडद्यावर दाखवणं) बंद करा. ते चालू असेल तर गेमच्या फ्रेम थेट पडद्यापर्यंत जात नाहीत, मग बाकी सगळं बरोबर असूनही आकडा हलत नाही.

ब्राउझरमधल्या चाचणीचा नाद सोडा. ब्राउझर आणि व्हिडिओ प्लेअर यांच्यासाठी मेसा (लिनक्सचं खुलं ग्राफिक्स सॉफ्टवेअर) व्हीआरआर मुद्दाम बंद ठेवतं. चाचणी पूर्ण पडद्यावरच्या गेममध्येच घ्या.

प्रश्न : उबुंटू 24.04 मध्ये व्हीआरआरचा पर्यायच दिसत नाही. – वाचक, निपाणी

उत्तर : या उबुंटूत जीनोम 46 हा डेस्कटॉप आहे आणि त्यात ही सोय प्रायोगिक म्हणून लपवलेली आहे. डीकॉन्फ एडिटर (लपलेल्या सेटिंग बदलायचा प्रोग्रॅम) घाला. त्यात ऑर्ग, जीनोम, मटर असं उतरत 'एक्सपेरिमेंटल फीचर्स' उघडा, 'डीफॉल्ट' बंद करा आणि यादीत 'व्हेरिएबल-रिफ्रेश-रेट' हे इंग्रजीत, मधल्या आडव्या रेघांसह, एकेरी अवतरणात लिहा. यादीत आधीच काही असेल तर ते पुसू नका, स्वल्पविराम देऊन पुढे जोडा. लॉगआउट करून परत या. डिस्प्ले सेटिंगमध्ये पर्याय येईल. तरीही नाही आला तर लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली दातेरी चाक आहे, तिथे वेलँड (एक्सऑर्गच्या जागी आलेली नवी प्रणाली) निवडलंय का ते पाहा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर 24.04 आपणहून एक्सऑर्ग निवडतं.

प्रश्न : केडीई प्लाझ्मा डेस्कटॉप, व्हीए पॅनेल (एलसीडीचा एक प्रकार), 48 ते 144 हर्ट्‌झ. व्हीआरआर लावल्यापासून काळपट दृश्यांत पडदा लुकलुकतो, कधी नुसत्या डेस्कटॉपवरही. आमच्याकडे संध्याकाळी लाइट कमीजास्त होते, त्यामुळे असेल का? – वाचक, चिकोडी

उत्तर : व्हीआरआर बंद करून 144 हर्ट्‌झ पक्कं ठेवा आणि संध्याकाळी त्याच वेळी तेच दृश्य पाहा. तरीही लुकलुकलं तर प्लग, बोर्ड, इन्व्हर्टर तपासा. मॉनिटरचे पुरवठे बहुधा 100 ते 240 व्होल्ट घेतात, त्यामुळे नुसतं व्होल्टेज उतरल्याने असं सहसा होत नाही. सैल पिन मात्र हमखास त्रास देते.

व्हीआरआर बंद केल्यावर लुकलुक गेली, तर कारण पॅनेलमध्ये आहे. दोन रिफ्रेशच्या मध्ये पिक्सेलमधला चार्ज किंचित उतरतो. ठरावीक गतीसाठी उजेड जुळवलेला असतो. ते अंतर झपाझप बदललं की उजेडही बदलतो, आणि व्हीएमध्ये गडद करड्या रंगात तो सर्वांत जास्त डोळ्यांत येतो. तुमच्या मॉनिटरवर गेम 47 आणि 50 फ्रेमच्या मध्ये हेलकावे खात असेल तर त्रास आणखी वाढतो : 48 च्या खाली गेलं की ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो, म्हणजे पडदा 48 वरून एकदम 94 च्या आसपास उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो.

डेस्कटॉपवरचा त्रास 'अॅडॅप्टिव्ह सिंक' हे 'ऑलवेज' वरून 'ऑटोमॅटिक' केल्यावर जाईल. मग व्हीआरआर फक्त पूर्ण पडद्याच्या प्रोग्रॅममध्ये चालतो. गेमसाठी ग्राफिक्स थोडे उतरवा आणि मँगोहड या प्रोग्रॅमने फ्रेम अशा आकड्यावर बांधा, जो गेम कायम टिकवू शकेल. 90 टिकत असतील तर 90. मशीन दणकट असेल तरी 144 ला टेकू देऊ नका, 140 च्या आसपास थांबवा. एवढं करूनही लोडिंगच्या पडद्यावर थोडी लुकलुक राहील. ती व्हीए पॅनेलची मर्यादा आहे. तिच्यासाठी ड्रायव्हर बदलत बसू नका.

प्रश्न : एनव्हिडिया, एक्सऑर्ग, दोन मॉनिटर. जी-सिंक लागत नाही. – वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : दुसरा मॉनिटर सेटिंगमधून बंद करा, एक्सऑर्गवर दोन चालू असताना ते लागत नाही. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेच्या 'अॅडव्हान्स्ड' भागात, प्रमाणित नसलेल्या मॉनिटरवर जी-सिंक चालू देण्याची खूण करा. कार्ड 10 सिरीज किंवा पुढचं हवं, जोडणी डिस्प्लेपोर्टची.

प्रश्न : 48 ते 75 हर्ट्‌झचा स्वस्त मॉनिटर. आकडा हलतो, पण 40 फ्रेमला गेम अडखळतो. – वाचक, संकेश्वर

उत्तर : वर सांगितलेली फ्रेम दोनदा दाखवण्याची युक्ती चालायला कमाल गती किमान गतीच्या निदान दुप्पट लागते. 40 ची दुप्पट 80 आणि तुमची कमाल 75, म्हणून ती इथे लागत नाही. 48 च्या खाली व्हीआरआरचा उपयोग संपतो. रिझोल्यूशन कमी करून गेम 55 च्या वर ठेवा, आणि नवा मॉनिटर घेताना कमाल गतीइतकंच किमान गतीकडेही बघा.